मोत्याचं पाणी

मी बंगळुरात बसून मराठीत दागिने विकते. म्हणजे दागिने कंपनीचे, वर्णन माझं. त्या दिवशी नकली मोत्यांच्या एका नथीपुढे इंग्रजी शब्द आला, ओपलसेंट. शब्दकोशात बघितलं तर ‘दुग्धवर्णी, छटायुक्त’. डोंबल! छटायुक्त नथ कोण घेणार?

बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते. आईला मी सोलापूरहून सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. मी रडले नव्हते. दाखला काढला, गॅस बंद केला, घराला कुलूप लावलं. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, आत काही हलतच नव्हतं. जेवत होते, मीटिंगा करत होते, इतकंच.

आई बाल्कनीत अवरेच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती. थंडीत इथे दारोदार त्याच असतात. मी विचारलं, “आई, मोती नुसता पांढरा नसतो ना? हलवला की आत गुलाबी, हिरवट असं काहीतरी सरकतं. त्याला काय म्हणायचं?”

“पाणी,” ती मान वर न करता म्हणाली. “पांढरा काय, खडूही असतो. मोत्याचं पाणी बघतात. माझ्या कुड्या आण, दाखवते.”

कुड्या माझ्याकडेच होत्या. बाबांना नेलं त्या दिवशी मीच तिच्या कानांतून काढल्या होत्या. मंगळसूत्र, जोडवी, कुड्या, सगळंच. चार बायका येऊन ओढाताण करणार, त्यापेक्षा आपण हळूच काढू, असं वाटलं होतं. तिने आधी एक कान पुढे केला, मग दुसरा. इकडे आल्यावर दमट हवा नको म्हणून मी त्या हवाबंद पिशवीत घातल्या आणि वर बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी टाकली. शहाणीच मी!

आईने कुडी उजेडात धरली, फिरवली. आत काहीच सरकलं नाही. एका मोत्याला केसाएवढी चीर गेली होती.

“गेलं गं पाणी,” ती म्हणाली. “मोत्याला अंगाची ऊब लागते. असा कोरडा ठेवतात का?”

“सोनाराकडे नेऊ. पॉलिश करून देईल.”

“मेलेल्याला कसलं पॉलिश!”

ती पुन्हा शेंगांकडे वळली. दोन-तीन सोलल्या आणि थांबली.

“मंगळसूत्र काढलंस, ते ठीक. ते ह्यांच्या नावाचं होतं. पण कुड्या माझ्या आईने दिलेल्या. लग्नाच्या आधीपासून माझ्या कानात होत्या. त्या का काढल्यास?”

“मला वाटलं, तुला...”

“विचारायचंस तरी.”

“मग तू तेव्हा का नाही बोललीस?”

“तू इतक्या भराभरा करत होतीस सगळं,” ती म्हणाली. “मला वाटलं, असंच असतं.”

मग तिने परातीतल्या शेंगा बाजूला सारल्या, पदराला हात पुसले आणि कान माझ्यापुढे केला.

“घाल. आहेत तशाच घाल.”

एका चिमटीत कुडी, दुसऱ्या चिमटीत फिरकी. मी वाकले. तिच्या पाळीवर, जिथे कुडी बसायची तिथे, एवढासा गोल फिकट डाग होता. नऊ महिने तो रोज माझ्यासमोर जेवायला बसला होता. मला कानाचं भोकच दिसेना. डोळे पुसायला एकही हात रिकामा नव्हता.