ताईची तब्येत सुधारली

आपल्या लोकांना माणूस जाड झाला की त्याची तब्येत सुधारली असं वाटतं. गाल वर आले की झालं, आत काय जळतंय ते बघायला कोण जातंय? माझ्या थोरल्या बहिणीचं या एका वाक्याने जेवढं वाटोळं केलं, तेवढं तिच्या दुखण्यानेही केलं नसेल. हे मी रागाने लिहितेय, आणि माझा राग एवढ्यात जायचा नाही.

ताई लाँड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येतात. यंत्रातून ओल्या चादरींचा गोळा ओढून काढायचा, दोघींनी दोन टोकं धरून एकेक चादर झटकायची आणि तापलेल्या रुळांमध्ये सरळ सारायची. कडा चिमटीत घट्ट धरावी लागते, नाहीतर सुरकुती पडते आणि मालक सगळ्यांदेखत उद्धार करतो. ताईची नेमकी ती चिमूटच गेली. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "मलाही आहे की, त्यात काय एवढं!" त्यांचे गुडघे वयाने झिजलेले. हिचं शरीर चाळिशीच्या आतच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेलं. हे दोन्ही एक नव्हे, हे डॉक्टरांनी भावोजींना चित्र काढून समजावलं होतं. भावोजींनी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत सगळं विसरले.

सकाळी उठल्यावर बराच वेळ तिची बोटं मिटायची नाहीत. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ती खिडकीशी बसायची. नळ मनगटाने उघडायची, दार कोपराने ढकलायची. त्या पहिल्या वर्षात ती वाळून काटकी झाली होती आणि सगळे तिच्याशी फार चांगले वागले. भांडी भावोजी घासायचे. सासूबाई कपडे वाळत घालायच्या, तेही न कुरकुरता. मालकाने तर शब्द दिला होता, "काउंटरवरच्या म्हातारबाई कामावरून गेल्या की तुला बसवतो तिथे." काउंटर म्हणजे खुर्चीवर बसून कपडे मोजून घ्यायचे, नंबराची चिठ्ठी टाचायची. ताई त्या खुर्चीकडे डोळे लावून बसली होती. ती मिळाली तर नोकरी टिकणार होती, नाहीतर हात किती दिवस पुरतील हे तिला कळत होतं.

मग औषधं वाढली. एक पिवळी गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती ताई शनिवारी घ्यायची, कारण दुसऱ्या दिवशी उठवत नसे. लोक रविवारी झोपा काढतात, ही बेसिनला धरून ओकायची. तोंड आलेलं, कंगव्यात केसांचा पुंजका. आणि दुसरी रोजची, पांढरी, स्टिरॉइडची. तिने दुखणं निम्म्यावर आणलं, हे खरं. पण झोप गेली, साखर वाढली, भूक अशी की जेवून उठताना पुन्हा भूक. आणि चेहरा फुगला. गाल असे वर आले की डोळे बारीक झाले.

सासूबाईंना भरून आलं. "औषध अंगाला लागलं हो!" म्हणाल्या. लाँड्रीतल्या बायका म्हणाल्या, बाळसं धरलंय. तिथे तिचं नावच 'चांदोबा' पडलं. ताईही हसायची, काय करणार? इकडे भावोजींनी हळूच भांडी घासणं सोडलं. दुखतंय म्हटलं की सगळ्यांचं एकच पालुपद, "एवढी ठणठणीत तर दिसतेस!"

"सूज आहे ती, तब्येत नाही!" मी एकदा त्यांच्या घरात उभी राहून ओरडले.

"तुझ्या तोंडाला कोण लागणार?" सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

म्हातारबाईंनी काम सोडलं, तेव्हा मालकाने काउंटरवर एका नव्या मुलीला बसवलं. ती किडकिडीत होती, एवढीच तिची पुण्याई. ताईने त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली, तर तो म्हणाला, "चांदोबा, तुला काय धाड भरलीय? जरा आरशात बघ. जिला गरज आहे तिला बसू दे."

ताईने खरंच आरशात बघितलं. आणि पांढरी गोळी बंद केली. कोणालाही न सांगता, मलाही नाही. ही गोळी एकदम तोडायची नाही, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते तिला पाठ होतं. नंतर मला म्हणाली, "वाटलं, थोडे दिवस कळ काढेन. गाल उतरले, काउंटर मिळालं, की परत सुरू करेन." आजारी माणसाने आपण आजारी आहोत हे पटवण्यासाठी आणखी आजारी पडायचं! आणि ज्यांना पटवायचं ते सगळे हातपाय धड असलेले.

आठवडाही निघाला नाही. अंगातलं त्राण गेलं, पोटात पाणी ठरेना, सगळे सांधे एकदम पेटले. तरी ती कामावर गेली. चादर रुळांत सारता सारता खाली कोसळली. समोरच्या बाईने झटकन बटण बंद केलं म्हणून हात वाचला. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. डॉक्टर तिच्यावर इतके चिडले की शेवटी मीच त्यांना गप्प केलं.

चार दिवसांनी मालक फळं घेऊन भेटायला आला. ताईचे ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, गाल ओघळलेले. तो दारातच थबकला.

"अगं, काय ही दशा! आधी सांगायचं नाही का?"

दोन वर्षं ती दुसरं काय करत होती? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईने डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

"काउंटर तुझं," तो म्हणाला. "तब्येत सुधारेपर्यंत बस खुशाल."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. भावोजींनी त्याचे आभार मानले. ताईनेही मानले, पण तिचा चेहरा उतरला. 'सुधारेपर्यंत' हा शब्द त्या खोलीत आम्हा दोघींनाच ऐकू आला असावा.

घरी सोडताना डॉक्टरांनी पांढऱ्या गोळीचं प्रमाण वाढवून दिलं. आता त्यांचा राग गेला होता. मऊ आवाजात म्हणाले, "महिन्या-दोन महिन्यांत चेहरा पुन्हा गोल होईल. बायकांना वाईट वाटतं, मला कळतं. पण जीव महत्त्वाचा."

ताईने विचारलं, "डॉक्टर, अशी एखादी गोळी नाही का, जी दुखणं थांबवेल, पण मला आजारीच दिसू देईल?"

डॉक्टर मोठ्याने हसले. मला म्हणाले, "तुमची बहीण या अवस्थेतही विनोद करते, कमाल आहे."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.