दादाच्या छातीतली धूळ

माझ्या भावाच्या मरणाचं खोटं कारण कंपनीला मीच पुरवलं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

दादा विमानं दुरुस्त करायचा. मोठी नाही, पायलट होणारे शिकतात ती दोन सीटची छोटी विमानं. आमच्या कुरुंद्यात कोणाला खरं वाटायचं नाही.

त्यांचा पंख पत्र्याचा नसतो. काचेच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर देऊन बनवलेला असतो.
दादा नाण्यानं पंख ठोकून बघायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला की आतले थर सुटले.

मग तेवढी जागा घासायची, एकेक थर. नवं कापड चढवायचं. सुकलं की परत घासायचं.

घासायचं म्हणजे धूळ. पिठासारखी बारीक, अंगाला खाजरी. काचेचीच ती.
विमानांच्या हँगरमधलं धूळ ओढायचं मशीन बंद. चांगले मास्क कपाटात, तपासणीवाले आले की बाहेर निघायचे.

"साहेबाला काहून बोलत न्हाईस?" मी फोनवर विचारायचो.
"बोलून राहिलो ना. मंगळवारी मशीन येईल म्हणतेत."
तो मंगळवार काही उजाडला नाही.

आधी खोकला. मग जिना चढवेना. मग बोलतानाही दम लागायला लागला. मग गेलाच.

दहाव्याला कंपनीचे एक साहेब आले. हार आणला, आईच्या पाया पडले. चहा घेता घेता गोड आवाजात म्हणाले, "कुरुंद्याची हळद फेमस आहे म्हणे. घरीच करता का?"

एवढा मोठा माणूस आपल्या हळदीची चौकशी करतोय! भावाचा दहावा, आणि मी फुगलो.
"व्हय साहेब, पॉलिश बी घरीच."
शेडमध्ये नेलं. हळद घासायचा ढोल फिरवून दाखवला. पिवळी धूळ उडाली. त्यांनी फोटो काढला. मला वाटलं, स्टेटसला ठेवतील.
जाताना पाच किलो बांधून दिली. दारात आलेला माणूस आपल्याकडं रिकाम्या हातानं जातो का?

गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, भरपाई नाकारल्याचं. आजाराचं कारण, घरगुती हळद व्यवसायातली धूळ. सोबत आमच्या ढोलाचा फोटो.

अरे, हळद निघते उन्हाळ्याच्या तोंडाला. दादा यायचा दिवाळीला, तेही चार दिवस. नोकरी लागल्यापासून त्यानं त्या ढोलाला हात लावला नाही.
हे तेव्हा सांगायला माझी जीभ झडली होती का?

हँगरमधल्या मित्रांनो, कमेंटमध्ये फुलं टाकू नका. तुम्हीही तीच धूळ खाताय. तेवढं कागदावर लिहून द्या.
नाही देणार, ठाऊक आहे. नोकरी आहे.

काल आईनं विचारलं, "काय लिवलंय रं पत्रात?"
म्हटलं, "दादाच्या कामाचं लई कौतुक केलंय."
तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मंग त्या साहेबाला यंदाची हळद धाड की."

दादा, मी हो म्हणालो.
पाया पडतो.