मांजरीची दुसरी सुई

बाळकुमच्या नाक्यावर मावशी मासे विकते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून ती मला नावाने नाही, ‘बीकॉम’ म्हणून हाक मारते. मला ते आवडतं. बोलताना तिचा कोयता थांबत नाही आणि भाव उतरत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिच्या फळीखालची मांजरीची पिल्लं उलट्या-जुलाबाने गेली. एकच वाचलं. त्याला तिने खोपटच्या डॉक्टरांकडून लस टोचून आणली. ‘एकीने भागत नाही, दुसरी चुकवू नका,’ असं त्यांनी बजावलेलं.

दुसरीचा दिवस नेमका रविवारी आला. सकाळी सवयीने तिने पिल्लाला माशांची मुंडकी टाकली आणि तिथेच चुकली. भरल्या पोटाचं पिल्लू पत्र्यावर चढलं, बोंबील दाखवला तरी खाली येईना. दवाखाना दुपारी बंद होणार होता.

तिने मासळीवर ओलं गोणपाट ओढलं आणि कोयता बाजूला ठेवला.

“मावशी, पापलेट कापा ना!”

“आज कापायचा नाय. कापला का कावळं मुंडकी पत्र्यावर नेणार, ती वरच खाणार, मंग उतरंल कशाला?”

“मांजरीपायी रविवारचा धंदा घालवता?”

“हिची भावंडं याच हातानं पुरली. हिला नाय पुरायची.”

गिऱ्हाइकं हसत निघून गेली; मी तेवढा थांबलो. ती पत्र्याकडे बघत बसून राहिली.

बाराच्या सुमारास पिल्लू भुकेने उतरलं. हातावर ओरखडे घेत तिने ते पाटीत कोंबलं, वर टोपली पालथी घातली आणि रिक्षा थांबवली.

“बीकॉम, बघतो काय? बस, टोपली दाबून धर.”

मी बसलो.