चौथा फाळ

सेल्मर ब्रेकेला धाकट्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही, हे सगळ्यात शेवटी कळलं ते सेल्मरलाच.

नॉर्थ डकोटातल्या त्या सपाटीवर ब्रेक्यांची जमीन एका कच्च्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना होती. खालच्या अंगाला काळीभोर, चिकण माती. वरच्या अंगाला जुन्या तळ्याच्या काठाची वाळूसर, भुरकी. बापाचे हातपाय थकले तेव्हा तो म्हणाला, "थोरला आधी सांगेल." सेल्मरनं कॉफीचा कप खाली ठेवायच्या आत काळी जमीन मागून घेतली. ओर्लिनच्या वाट्याला भुरकी आली. पुढं कित्येक वर्षं सेल्मर त्याच्याकडं बघून मनात म्हणायचा, बिचारा.

मग छप्पन सालच्या वसंतात दोघांनी एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात, एकाच बनावटीचे ट्रॅक्टर आणले. रंग तोच, इंजिन तेच. दुकानदारानं ओर्लिनला चार फाळांचा नांगर दिला आणि सेल्मरला तीन फाळांचा. "तुझ्या चिकणीत तीनच ओढेल हा," तो म्हणाला.

त्या वर्षी सेल्मर गप्प राहिला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मात्र ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या त्याची मान सारखी रस्त्यापलीकडं वळायला लागली. ओर्लिनच्या मागं चार ताज्या रेघा झरझर उमटत होत्या. अकरा तारखेला त्याची नांगरट संपली. बाराला तो बंदूक घेऊन बदकांवर गेला आणि जाताना हात हलवून गेला. तो हललेला हात सेल्मरला दिवसभर दिसत राहिला. त्याची अजून अर्धी जमीन पडून होती, आणि माती कधी गोठेल याचा नेम नव्हता.

गावातल्या धान्याच्या कोठारावर माणसं होतीच तयार. "काय सेल्मर, तुझ्या ट्रॅक्टरला भूक कमी दिसते," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सेल्मरही हसला, पण घरी येईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"दुकानदारानं त्याला चांगलं इंजिन दिलंय," तो बायकोला म्हणाला.

बोर्गहिल्ड बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. "दोन्ही ट्रॅक्टर एकाच गाडीतून उतरलेत. मी तिथंच उभी होते."

"मग माझा चार का ओढत नाही?"

"ते मातीला विचार. माझ्यावर कशाला खेकसतोस?"

अठ्ठावन्न साली त्यानं कुणाला न सांगता चौथा फाळ आणून नांगराला जोडला. पहिल्याच ओळीत इंजिन दबलं, धूर ओकायला लागलं. त्यानं गियर उतरवला, मग आणखी उतरवला. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा चाकांना लोखंडी वजनं बांधली, टायरांत पाणी भरलं. ट्रॅक्टर कसाबसा रांगायला लागला. तीन फाळांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत जेवढं रान निघायचं, त्याच्या पाऊण रानही चार फाळांनी निघालं नाही. सेल्मरला हे दिसत होतं. तरी त्यानं चौथा फाळ काढला नाही, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला तोही दिसत होता.

आठवड्यानं क्लच जळाला. तो दुरुस्त करून आणला त्याच संध्याकाळी सेल्मर तडक ओर्लिनच्या अंगणात गेला.

"उद्या ट्रॅक्टर बदलू. तुझा मी नेतो, नांगरासकट. माझा तू चालव."

ओर्लिननं त्याच्याकडं नीट पाहिलं. "ने की. मागायला एवढा लाल कशाला झालास?"

सकाळी सेल्मरनं भावाचा ट्रॅक्टर काळ्या रानात घातला. शंभर पावलंही झाली नसतील, इंजिन घरघरलं, चाकं खोल रुतली आणि सगळं जागीच बसलं. सेल्मर खाली उतरला. खरं तर त्याचं काम अडलं होतं, पण त्याला इतका आनंद झाला की त्यानं टोपी काढून मांडीवर आपटली. बसलं! ओर्लिनचंही बसलं!

मग त्यानं मान वळवली. रस्त्यापलीकडं त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर चार फाळ घेऊन गाणं म्हणत चालला होता.

तो आनंद तिथंच विझला. इंजिनावर जळण्यात निदान दुकानदाराला शिव्या देता येत होत्या. जमीन तर त्यानं स्वतःच्या तोंडानं मागून घेतली होती.

ओर्लिन साखळी घेऊन आला. रुतलेला ट्रॅक्टर बाहेर निघाला तेव्हा दोघं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते.

"झालं समाधान?" ओर्लिन म्हणाला.

"तुझ्या मातीला काही दमच नाही. म्हणून चार ओढतोस."

"नाहीच," ओर्लिन चाकाची माती खरवडत म्हणाला. "उन्हाळा कोरडा गेला की तुझा गहू कमरेला लागतो आणि माझा घोट्याला. चर्चमध्ये तुझ्या मागच्या बाकावर बसतो ना मी, तेव्हा प्रार्थना कुठली, तुझी मान दिसते आणि जीव जळतो. वडिलांनी मला आधी का विचारलं नाही, एवढंच येतं मनात."

एवढ्या वर्षांत हे सेल्मरच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ऐकून त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्या दुपारी त्यानं ओर्लिनकडून पाना मागून घेतला आणि आपल्या रानातल्या नांगराचा चौथा फाळ उतरवला. ओर्लिनचं रान तीन दिवसांत आटोपलं की त्यानंही एक फाळ उतरवून खाली यायचं ठरलं. दोन ट्रॅक्टर, सहा फाळ, काळ्या मातीत शेजारी शेजारी. जमीन गोठायच्या चार दिवस आधी काम संपलं, आणि पुढं वीस वर्षं दर शरदात तसंच संपत गेलं.

मत्सर गेला असं मात्र कुणी समजू नये. ओर्लिन रानातून निघून गेला की सेल्मर वाकून त्याच्या ओळी बघायचा. सरळ असायच्या. मग तो मुकाट्यानं घरात जायचा आणि बोर्गहिल्डनं विचारलंच तर सांगायचा, "ठीक आहे. नांगरतो बऱ्यापैकी."