वाटी संपेपर्यंत

त्या दिवसांत मी देवाशी खूप बोलत होते, पण तो ऐकतो आहे असं वाटत नव्हतं. आईला पक्षाघात झाला, बोलणं गेलं आणि आम्ही तिला चोपड्याहून धुळ्याच्या एका दवाखान्यात आणलं. दहा दिवसांनी अन्नासाठी नाकात घातलेली नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत तोंडाने पुरेसं खाल्लं नाही तर नळी पुन्हा घालावी लागेल. नळी घालताना आई कशी तडफडली होती, ते मी पाहिलं होतं.

आईसाठी मी पोथीचा नेम धरला होता. रोज एक अध्याय, दुपारी बाराच्या आत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे ओव्या वाचताना अडखळते. एका अध्यायाला तास लागतो. वॉर्डात मोठ्याने वाचायची लाज वाटायची, म्हणून ओठांत पुटपुटायचे. वेळ पुरेना, तेव्हा मांडीवर पोथी उघडी ठेवून आईला भरवू लागले. एक ओवी, एक चमचा. आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. मला राग यायचा आणि मग त्या रागाचीही लाज वाटायची.

नळी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला जोराचा ठसका लागला. शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे एक नाना होते, पाय मोडलेले. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्या धावत आल्या, आईला पुढे वाकवून धरलं. ठसका थांबल्यावर माझ्याकडे वळल्या.

"एस.टी. निघी चालनी का व तुनी?"

"बाराच्या आत अध्याय व्हायचाय, अक्का. आईसाठीच वाचतेय."

"घरमा निवद दावस तवय काय करस? पडदा ओढीसन गप बसस ना? देव जेवी ऱ्हायना, वाट देख."

"मले तं कधी अशी वाट देखीसन वाढं नही!" खाटेवरून नाना म्हणाले.

"तुम्हनं तोंड बंद ऱ्हास का कधी?"

मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. पोथी मिटली, हात धुऊन आले आणि देव जेवत असताना नैवेद्यापुढे बसतात तशी आईसमोर बसले. एक चमचा खिचडी दिली आणि फक्त पाहत राहिले. आई एका घासाला दोनदा गिळते, हे मला तेव्हा कळलं. आधी अर्धा जातो, ती डोळे मिटते, मग उरलेला जातो. मग डोळे उघडून ती माझ्याकडे बघते. म्हणजे पुढचा चालेल. कालपासून ती अशीच बघत असणार. मी ओव्या बघत होते.

त्या वाटीला सव्वा तास लागला. बारा वाजून गेले, नेम मोडला. भीती वाटली, पण उठवेना. तेवढा वेळ मी काहीच मागितलं नव्हतं, आणि तरी आमच्या दोघींजवळ कुणीतरी बसून आहे असं वाटत राहिलं. याहून जास्त मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आईला खाताना पाहिलं आणि नळी घालायचं रद्द केलं.

आता आम्ही घरी आहोत. आईचं बोलणं अजून आलेलं नाही. मी फार थकते. भरवताना कधी डुलकी लागते. तिला बरं कर, असं देवाला रोज म्हणते, पण कधी आणि किती, ते त्याच्यावर सोडलं आहे. दवाखान्यातून निघताना अक्कांच्या पाया पडायचं मनात होतं. भिडेपोटी नुसती मान हलवून आले. तो नमस्कार आज इथे लिहून करते.