दरीत नावानं हाक मारत नाहीत

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे आणि गावामागे देवीची दरी. दरीच्या आतल्या टोकाला, कड्याखाली शेंदूर लावलेली देवी आहे, शेजारी झरा. नवस फेडायला, मुलांची जावळं काढायला लोक पूर्वीपासून येत. त्यांना वाट दाखवायचं काम आमच्या नानांचं. नाना म्हणजे माझे वडील. पुढे जळगाव-धुळ्याची माणसं नुसती दरी बघायलाही येऊ लागली आणि शनिवार-रविवार नानांनीच त्यांना आत न्यायचं, असं गावानं ठरवलं.

मी दहावीत असताना नानांचे कान गेले. पूर्ण नाही, पण पाठीमागून हाक मारली तर ऐकू येत नसे. म्हणून मी रांगेच्या शेवटी चालू लागले. नाना पुढे, मध्ये पाहुणे, मागे मी. कोणी दमून बसलं, कोणाचा पाय मुरगळला, की मी बाजूने पळत जाऊन नानांचा सदरा ओढायचे. बारावी झाली तेव्हा घरात एकच प्रश्न होता. मी धुळ्याला कॉलेजला गेले, तर मागे कोण चालणार? आमच्या घरातून कॉलेजला कधी कोणी गेलं नव्हतं. आणि गावातली माझ्या वयाची मुलं कामासाठी सुरतेला गेलेली.

ते शनिवार-रविवार मला फार आठवतात. दरीच्या तोंडाशी अंजनाचं झाड आहे. तिथे चपला काढायच्या. मग नाना नियम सांगत. देवीच्या दरीत कोणाला नावानं हाक मारायची नाही. नातं लावून बोलवायचं.

‘‘आते आपू बठ्ठा एक घरना शेतस,’’ असं म्हणून, सगळ्यांना एका घरचं करत, ते प्रत्येकाला नातं वाटून देत. तू आक्का, तू मावशी, तुम्ही भाऊ. शहरातली माणसं आधी हसायची, मग परतताना एकमेकांना पाणी देताना खरंच ‘घ्या मावशी’ म्हणायची. एकदा एक नवं जोडपं आलं होतं. नवरा म्हणाला, ‘‘मग मी हिला काय म्हणू?’’

‘‘घरमा काय म्हनस?’’

‘‘अगं म्हणतो.’’

‘‘मंग तेच म्हन. तेन्हामा नाव कोठे शे?’’

ती मुलगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. परत आल्यावर आई वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढायची. गोवऱ्यांच्या धुराचा वास पाहुण्यांच्या कपड्यांना लागायचा. तो त्यांना आवडायचा की नाही, हे मला कधी विचारता आलं नाही. मी फार बोलायचे नाही.

जुलैमधल्या एका शनिवारी मी प्रवेशासाठी धुळ्याला गेले. नाना म्हणाले, एक दिवस मी एकटा नेईन. संध्याकाळी मी परतले तेव्हा अंगणात पाहुणे चहा पीत बसले होते आणि एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांना झापत होते. दरीत त्यांना धाप लागली, ते दगडावर टेकले आणि नियमाप्रमाणे त्यांनी हाका मारल्या.

‘‘भाऊ, ओ भाऊ, करून घसा सुकला माझा! चार भाऊ पुढे चालले होते, एकानं मागं पाहिलं असेल तर शपथ.’’

‘‘आम्हाला वाटलं, दुसऱ्या भाऊला बोलावताय,’’ त्यांचा जावई हळूच म्हणाला.

‘‘खिशात शेंगदाणे होते म्हणून जिवंत सापडलो!’’

सगळे हसले. म्हातारेही शेवटी हसले. नाना हसले नाहीत. त्यांना गोष्ट नीट ऐकू आली नव्हती, पण काय झालं ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. देवीपाशी माणसं मोजताना एक कमी निघाला, तेव्हा ते एकटेच धावत मागे गेले होते.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, ‘‘आते बास. कोनाले नेवानं नई.’’

मी म्हणाले, ‘‘नाना, मी नई जास कालेजले. इथेच राहते.’’

‘‘दरी काय पयी जास का?’’ ते जरा चिडूनच म्हणाले, जणू दरी पळून जाईल म्हणून मी राखण करणार होते. ‘‘कालेज पयी जाई. तू जाय.’’

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. मी गेले.

वसतिगृहात शनिवारी सकाळी मला उगाच लवकर जाग येते. त्या वेळी अंजनाखाली चपलांची रांग लागलेली असायची. आता नवसाची माणसं आपापली जातात. बाकीचे दरीच्या तोंडाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. नाना शेतात असतात. वाईट वाटतं का, असं मी त्यांना विचारलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघंच देवीला गेलो. झऱ्यापाशी बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘काय शिकाडतस तठे?’’

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन राज्यशास्त्र सांगू लागले. ग्रामसभा म्हणजे काय, तिचे अधिकार कोणते. मी सांगताना अडखळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘आपली ग्रामसभा दोन सालपाईन व्हयनी नई. हाई बी शे का पुस्तकमा?’’

‘‘नाही,’’ मी ओरडून म्हणाले.

नाना खूप वेळ हसत राहिले. मग म्हणाले, ‘‘पुढलं सांग.’’