भिवाजीचं रेक्झिन

वसमतला नांदेडच्या रस्त्यावर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं आणि त्याला लागून भिवाजीचं गाद्यांचं. मधे एकच पत्र्याची भिंत, तीही खालून गंजलेली. त्याचं मशीन चाललं की माझ्या फळीवरच्या बाटल्या थरथरायच्या, आणि माझ्या ॲसिडच्या वासानं तो दिवसभर शिंकायचा. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर माणूस कळला नाही असं म्हणणारा खोटारडा समजावा. भिवाजी आता नाही. मरायच्या आधीच त्यानं शिवणं सोडलं होतं. लोक म्हणतात डोळे गेले म्हणून सोडलं. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. डोळे त्याचे शेवटपर्यंत चांगले होते.

जीपच्या, टेम्पोच्या, मोटारसायकलच्या सीटा तो शिवायचा. कधी दवाखान्यातलं तपासायचं टेबल, कधी लग्नात द्यायचा सोफा. आत काथ्या भरायचा, वर फोम चढवायचा आणि त्यावर कापडावर प्लॅस्टिक चढवलेलं रेक्झिन असं ताणून बसवायचा की सुरकुती शोधून सापडू नये. बारीक खिळे तोंडात धरून काम करायची सवय, त्यामुळं बोलणं कमीच. गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी हा नुसती मान हलवायचा. फक्त एका गोष्टीसाठी तो खिळे तोंडातून काढून बोलायचा. कुणी अस्सल लेदरच्या सीटा करता का असं विचारलं, की खिळे तळहातावर घेऊन तो म्हणायचा, "कातडं आपल्याकडं होत न्हाई." आणि परत खिळे तोंडात.

दुकानाच्या पाटीवरही तसंच लिहिलं होतं: येथे फक्त रेक्झिनचे काम होईल. त्यातलं 'फक्त' लाल रंगात. मला तो शहाणपणाचा धंदा वाटत नव्हता आणि मी ते त्याला तोंडावर म्हटलंही होतं.

त्या पाटीचं कारण दुकानासमोरच बसलेलं असायचं. भिवाजीचा बाप, संतरामबाबा. स्टुलावर बसून उजवा हात मांडीवर ठेवलेला. तो हात कोपरातून वाकडा, सरळ होत नव्हता. म्हातारा चहाची बशी डाव्या हातानं उचलायचा.

कुरुंद्याच्या पलीकडं त्यांचं गाव. दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या सगळ्या वस्तीनं ठरवलं, की इथून पुढं गावाची मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि त्यांचं कातडं काढायचं नाही. त्याच उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. वस्तीतलं कुणी गेलं नाही, पण नाही म्हणून सांगायला तरी कुणी जायला हवं होतं, म्हणून संतराम गेला. त्यानं ओट्यापुढं उभं राहून सांगितलं. त्याला तिथंच पाडलं आणि हातावर बैलाचं जू हाणलं. हाड कुणी बसवलं नाही. विहीर बंद झाली, गिरणी बंद झाली, आणि बायकापोरं घेऊन तो वसमतला आला. भिवाजी तेव्हा दहाबारा वर्षांचा असेल. त्याच्या आधी अंगणात मीठ लावून टाकलेली कातडी, त्यावरच्या माशा आणि तो वास, एवढंच कातडं त्याला ठाऊक.

मी बंजाऱ्याचा. आमच्या तांड्यात बैल मेला की घरात चूल पेटत नसे, बाया रडत. पण त्याला ओढून न्यायला माणूस दुसऱ्या वस्तीतनं बोलवत. आमचं दुःख आमचं आणि घाण त्यांची. संतरामबाबाची गोष्ट ऐकल्यापासून मी भिवाजीच्या पाटीला हसायचं सोडून दिलं.

भिवाजी गाद्यांचं काम शिकला तेव्हा बापानं त्याच्याकडून एकच शब्द घेतला होता. "शीव बापू, काय बी शीव. पण मेल्या ढोराचं कातडं आपल्या घरात येऊ देऊ नको. त्याच्यापायी हा हात गेला." भिवाजीनं तो शब्द असा पाळला की पायात चप्पलसुद्धा रबराची. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी म्हातारा गेला. भिवाजीनं घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्याचा फोटो ठेवला आणि स्टूल दुकानासमोर तसंच राहू दिलं.

जिल्हा वेगळा झाला, हळदीला भाव आले आणि रस्त्यानं नव्या गाड्या धावायला लागल्या. गाडीवाल्यांना रेक्झिन नको झालं. उन्हात तापतं, घामानं चिकटतं, चार वर्षांत फुटतं, हे सगळं खरंच होतं. ते नांदेडला जायला लागले. भिवाजीकडं राहिल्या फटफट्या आणि काळीपिवळी जीपा. त्याचा पोरगा रत्नपाल नांदेडला अशाच एका गाड्या सजवायच्या दुकानात काम शिकून परत आला, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडून मला बापलेकांची भांडणं ऐकू यायला लागली.

"बाबा, आज्याला ओढायला लावून राहिले होते म्हणून त्यो न्हाई म्हणला," रत्नपाल म्हणायचा. "आता आपल्याला कोण लावून राहिलं? कारखान्यातून कमावून येतं ते. आपण आपल्या खुशीनं शिवू."

"तुझा हात मोडला न्हाई म्हणून बोलून राहिला."

"मंग दुकान मोडू द्या."

पोरगं चुकीचं बोलत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण शब्द भिवाजीनं दिला होता, पोरानं नाही. दोघंही आपापल्या जागी बराबर होते आणि त्यामुळंच भांडण मिटत नव्हतं.

अशात दिगांबरराव पाटील आपली नवी पांढरी स्कॉर्पिओ घेऊन आला. ज्या पाटलाचा बैल मेला होता, त्याचा हा नातू. माणूस तसा उमदा, हसून बोलणारा. "गावचा माणूस असताना नांदेडला कशाला जायचं?" म्हणाला. भिवाजी आत गेला आणि पाटलाशी रत्नपालच बोलला. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. पाटलानं अस्सल कातडं मागितलं आणि रत्नपालनं ते कबूल केलं.

त्यानं मापं घेतली आणि नांदेडहून तुकडे कापूनच आणले, म्हणजे अख्खं कातडं बापाच्या नजरेला पडू नये. बापाला सांगितलं, बाहेरदेशचं रेक्झिन आहे. भिवाजीनं तुकडा उलटून पाहिला. "मागं कापड काहून न्हाई?"

"नवीन पद्धत हाय बाबा."

भिवाजीनं ते नाकाला लावलं. त्याला मिठाचा, सडक्याचा वास ठाऊक. हे अत्तरासारखं काही दरवळत होतं. शिवणाऱ्या माणसानं कमावलेलं कातडं ओळखू नये हे तुम्हाला खोटं वाटेल. पण ज्यानं आयुष्यभर त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं, त्यानं ते ओळखायचं कशावरून? त्याचा नेम इतका कडक नसता तर तो फसलाच नसता.

त्या सीटा त्यानं जीव लावून शिवल्या. मला हाक मारून बोलावलं. "प्रेमदास, हात लाव. असं रेक्झिन म्या जिंदगीत पाह्यलं न्हाई. सुई कशी जाती बघ." मी हात लावला, पण ॲसिडनं भाजलेल्या माझ्या बोटांना लोखंड आणि लोणी सारखंच. छान आहे म्हणालो. तो हसत होता. तोंडात खिळे नसलेला, हसणारा भिवाजी मी क्वचितच पाहिलेला. रत्नपाल मान खाली घालून फोम कापत होता.

काम संपलं तेव्हा थोडे तुकडे उरले. भिवाजी ते घरी घेऊन गेला आणि त्यांची एक छोटी गादी शिवली. कडेनं दुहेरी शिलाई, कोपरे गोल. ती त्यानं मूर्तीखाली आणि बापाच्या फोटोखाली अंथरली. त्याची बायको चांगुणा रोज सकाळी ती फडक्यानं पुसून तिच्यावर फुलं ठेवायला लागली. रत्नपालनं ती संध्याकाळी घरी आल्यावर पाहिली. पुढं त्यानंच मला सांगितलं, की तेव्हा त्याला बोलायचं होतं, पण आई समोर मेणबत्ती लावत होती. एक दिवस गेला, मग दुसरा गेला, मग बोलणं आणखीच अवघड होत गेलं.

उन्हाळ्यात दिगांबरराव परत आला. दाराच्या आतल्या बाजूलाही तेच लावून हवं होतं. मी माझ्या दारात उभा होतो. त्यानं गाडीचं दार उघडून येणाऱ्याजाणाऱ्याला सीटा दाखवल्या. "अस्सल कातडं हाय. शिलाई आमच्या भिवाजीची," असं म्हणून त्यानं भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या आज्याला जे जमलं न्हाई, ते रत्नपालनं जमवलं. लावला का न्हाई शेवटी कातड्याला हात?"

तो हसला. दोनचार जण त्याच्याबरोबर हसले. त्यात डंख होता की नुसती थट्टा, मला सांगता येणार नाही. त्याच्या घरी ती जुनी गोष्ट हसून सांगत असतील. मला मात्र त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

भिवाजीनं तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि फळीवर ठेवले. "व्हय का?" त्यानं पोराला विचारलं.

"बाबा, दुकान चालायला पायजे ना," रत्नपाल म्हणाला.

भिवाजी घराकडं निघाला. त्याची चाल बघून मीही दुकान उघडं टाकून मागं गेलो, माझ्या मागं रत्नपाल. घरात त्यानं मूर्ती उचलून कोनाड्यात ठेवली, बापाचा फोटो उचलून चांगुणाच्या हातात दिला. ती म्हणाली, "काय झालं, काहून काढून राहिले?" तो म्हणाला, "ते कातडं हाय." ती फोटो छातीशी धरून तिथंच खाली बसली.

गादी त्यानं पोत्यात घालून सुतळीनं बांधली. रत्नपाल रडत होता. "द्या बाबा, मी टाकून येतो."

"तू नको. तू एकदा उचललं की तुझी पोरं उचलतील."

पोतं खांद्यावर घेऊन तो भर दुपारी बाजारातून चालत गेला. लोक रामराम, जयभीम करत होते, त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. गावाबाहेर नाल्याच्या काठावर, जिथं आजही मेलेली जनावरं टाकतात, तिथं त्यानं पोतं खाली ठेवलं. हाडं पडली होती, कुत्री उठून जवळ आली. मी म्हणालो, "चल भिवाजी. तुला माहीत नव्हतं. तुझा दोष न्हाई."

तो पोत्याकडं बघत राहिला. "बापानं हात मोडून घेतला प्रेमदास, पण ओढलं न्हाई," तो म्हणाला. "म्या साबूत हातानं खांद्यावर वाहून आणलं."

मग तो नाल्याच्या पाण्याशी बसून हात धुवायला लागला. मी कितीदा हाक मारली, तो उठला नाही.